कुबेर घरी आहेत, पण भेटत नाहीत

1971च्या नोव्हेंबरात पश्चिम जर्मनीत टेओ आल्ब्रेख्तला दोघांनी पळवलं, तेव्हा पहिली पंचाईत पळवणाऱ्यांचीच झाली. एवढा बडा असामी आणि अंगावर असला स्वस्तातला सूट? खात्री पटेना म्हणून त्यांनी त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं, असं सांगतात. 17 दिवस तो डांबलेला होता. शेवटी एसेनच्या बिशपनं जातीनं 70 लाख मार्कांची खंडणी पोचवली आणि टेओ सुटला. दुसरा कुणी असता तर सुटल्याबरोबर देवापुढे नारळ फोडायला धावला असता. टेओनं ही रक्कम धंद्याचा खर्च धरून करात सूट द्यावी, असा दावा लावला.

टेओ आणि त्याचा भाऊ कार्ल यांनी आईच्या किराणा दुकानातून ‘आल्डी’ ही साखळी उभी केली. माल खोक्यातच मांडायचा, सजावट नाही, नोकर मोजके. 1961 मध्ये गल्ल्यावर सिगारेटी ठेवाव्यात की नाही यावरून मतभेद झाले आणि वाटण्या झाल्या: उत्तर जर्मनी टेओची, दक्षिण कार्लची. कोर्टकचेरी झाली नाही. वकील फुकट मिळत नाहीत. टेओ कागद पाठपोट वापरायचा आणि दिवसा कुठे दिवा जळताना दिसला की बंद करायचा. मुलाखत देणं, फोटो काढून घेणं हे या भावांच्या लेखी उधळपट्टीतच जमा होतं. अपहरणानंतर तर ते आणखीच दिसेनासे झाले. 2010 मध्ये टेओ वारला, ते जगाला दफन उरकल्यावर कळलं. चार वर्षांनी कार्ल गेला, तीही बातमी अशीच मागाहून आली.

ही कुबेरांची एक वेगळीच जात आहे. स्पेनचा आमान्सिओ ऑर्तेगा चौदाव्या वर्षी शर्टांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला, पुढे ‘झारा’चा मालक झाला, 1999 पर्यंत त्याचा एकही फोटो वर्तमानपत्रांना मिळत नव्हता. ‘आयकिया’चा इंग्वार काम्प्राद नव्वदीत टीव्हीवर आला तो अंगावरचे कपडे जुन्या बाजारातले असल्याचं अभिमानानं सांगत. या माणसांकडे वर्गणी मागायला जायची सोय नाही. घर सापडत नाही, आणि सापडलंच तर दार उघडणारा बुवा माळी की मालक, हे कळत नाही.

अमेरिकेच्या हॉवर्ड ह्यूझची तऱ्हा निराळी. तो यांच्यासारखा स्वकष्टाचा धनी नव्हे. तेलविहिरी खोदण्याच्या अवजारांचा कारखाना बापानं मागे ठेवला होता. पण लपण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे, त्यामुळे त्याला वगळून चालत नाही. तरुणपणी त्यानं सिनेमे काढले, 1938 मध्ये विमानातून 91 तासांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, न्यूयॉर्कनं त्याची मिरवणूक काढली. तोच माणूस 1966च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या ‘डेझर्ट इन’ हॉटेलात वरचे दोन मजले घेऊन राहिला आणि खोलीबाहेर पडेचना. नववर्षाला बडे जुगारी यायचे, त्यांना खोल्या हव्या होत्या. मालकांनी जागा सोडायला सांगितली. ह्यूझनं सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर मोजून हॉटेलच विकत घेतलं. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूंना ही युक्ती लगेच पटेल. जमेल असं नाही. रात्री झोप लागत नसे आणि गावातलं टीव्ही केंद्र तेव्हा बंद असे, म्हणून त्यानं तेही घेतलं आणि रात्रभर सिनेमे लावायला लावले.

जंतूंची त्याला विलक्षण धास्ती. फळांचा डबा कसा उघडावा, यावर त्यानं नोकरांसाठी टंकलिखित आज्ञापत्र काढलं होतं. त्यात नऊ पायऱ्या. आधी टेबल सिद्ध करायचं, मग डबा आणायचा, मग धुवायचा, मग कोरडा करायचा, मग हात घासायचे. डबा प्रत्यक्ष फोडण्याची पाळी येते सहाव्या पायरीला. एवढं सोवळं सत्यनारायणालाही नसतं. हे सगळं करायला पाळीपाळीनं माणसं ठेवलेली. एकट्यानं राहायला माणसं फार लागतात, ही गोष्ट एकांताचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. व्हेगासचा कारभार पाहणारा रॉबर्ट मेह्यू वर्षानुवर्षं फोनवर आणि चिठ्ठ्यांवर हुकूम घेत राहिला. मालकाशी समोरासमोर भेट अशी झालीच नाही.

याचा फायदा घेतला क्लिफर्ड अर्व्हिंग नावाच्या लेखकानं. ह्यूझचं ‘आत्मचरित्र’ त्यानं घरबसल्या रचलं आणि प्रकाशकाकडून घसघशीत आगाऊ रक्कम उचलली. जो बाहेरच पडत नाही तो खोटं म्हणायला येणार कसा, असा त्याचा हिशेब. 1972च्या जानेवारीत ह्यूझनं सात पत्रकारांशी फोनवरून बोलून तो चुकवला. पत्रकारांनी आवाज ओळखला, अर्व्हिंग तुरुंगात गेला. चार वर्षांनी ह्यूझ वारला, तेव्हा देह इतका झिजला होता की ओळख पटवायला बोटांचे ठसे घ्यावे लागले.

आपल्याकडे राधाकिशन दमाणी आहेत. शेअर बाजारात पैसा कमावून त्यांनी 2002 मध्ये पवईला ‘डीमार्ट’चं पहिलं दुकान काढलं. मार्च 2017 मध्ये 299 रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला, तरी साहेब मुलाखतीला बसले नाहीत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बस्स. रविवारी ट्रॉली भरून डाळ-तांदूळ नेणाऱ्यांपैकी कितीजण मालकाला चेहऱ्यानं ओळखतील, देव जाणे.

या सगळ्यांत खरा बिलंदर निघाला चक फीनी. विमानतळावरच्या करमुक्त दुकानांवर गडगंज झालेला हा अमेरिकन विमानात साध्या वर्गात बसायचा, मनगटाला प्लॅस्टिकचं स्वस्त घड्याळ आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. 1984 मध्ये त्यानं धंद्यातला आपला जवळजवळ सगळा हिस्सा गुपचूप एका धर्मादाय संस्थेच्या नावे केला. ‘फोर्ब्स’ला याचा पत्ताच नव्हता. 1988 मध्ये त्या मासिकानं 130 कोटी डॉलरचा धनी म्हणून त्याला देशातल्या पहिल्या पंचवीस श्रीमंतांत बसवलं. तेव्हा ते पैसे त्याचे राहिलेच नव्हते.