पतंगांचा हजेरीपट

ज्याने उभी उमेद महसूल खात्याच्या आवक-जावक वह्यांत खर्ची घातली, त्याने निवृत्तीनंतर तरी कोणाची नोंद ठेवू नये, ही आमच्या कुटुंबाची अपेक्षा रास्तच होती. परंतु आषाढातील ओल्या रात्री बेळगावच्या टिळकवाडीतल्या परसात पांढऱ्या चादरीसमोर पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावून त्याखाली अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मांडले, की पहाटेपर्यंत त्यांच्या खळग्यांत जो पतंगसमुदाय मुक्कामास येतो, त्याची हजेरी घेतल्यावाचून माझ्यातील कारकुनास चैन पडत नाही. त्या ट्रेंमुळे आमच्या सोवळ्या घराविषयी गल्लीत उठलेल्या प्रवादाचा खुलासा करण्याचे मी केव्हाच सोडून दिले आहे.

या व्यसनाला थोर परंपरा आहे. हॅम्पसनसाहेबांनी १८९२ ते १८९६ या काळात हिंदुस्थानातील पतंगांचे चार खंड सिद्ध केले. आणि आमच्याच मुंबई इलाख्यात जंगल खात्याची चाकरी करून कारवारास स्थायिक झालेल्या बेलसाहेबांनी, अळ्या पाळून व त्यांची रूपांतरे न्याहाळून, स्कॉट यांच्या साहाय्याने १९३७ साली हॉक पतंगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच कुळातील, पाठीवर कवटीचे चिन्ह मिरविणारा आणि मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरणारा महाभाग हाती धरताच असा काही चिरकतो, की आरोपीनेच फिर्याद गुदरावी!

माझ्या वहीत जात, लिंग, वेळ आणि शेरा असे चारच रकाने आहेत. ‘यांत मराठी किती आणि कानडी किती?’ असे एका स्नेह्यांनी गांभीर्याने विचारले, तेव्हा पाचवा रकाना आखण्याचे मी नम्रपणे नाकारले. कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ज्या सीमावादी मुलखात प्रत्येक शिरगणतीवर कोणाची ना कोणाची हरकत आहे, तेथे माझी ही एवढीच गणती निर्वेध चालली होती. अडथळा असलाच तर कोतवाल पक्ष्याचा: उजाडताच तो कुंपणावर येतो आणि पंचनाम्यापूर्वीच मुद्देमाल गिळंकृत करतो.

गेल्या पावसाळ्यात निपाणीचे मामा मुक्कामास होते. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात भावासाठी महामार्गावर ठिय्या देऊन बसलेले हे गृहस्थ पहाटे ट्रेवर वाकले, आणि पंखांवर पांढुरक्या रेघांचे जाळे असलेला एक करडा पतंग दिसताच त्यांची मुद्रा पालटली. त्याची मादी पानाखाली शेकडो अंडी घालून ती स्वतःच्या अंगावरील केसांनी झाकते, आणि त्यांतून निघालेली प्रजा तंबाखूच्या पानांची चाळण करते, हे मामांना हॅम्पसनसाहेबांकडून शिकावयाचे नव्हते.

“ह्येचं काय करणार?”

“नाव लिहून सोडून देणार.”

“सोडणार? आरं भाच्या, आमी ह्याच दिव्याखाली परातीत पाणी नि रॉकेल ठेवतो, आन् तू चोराला नाव इचारून घरी धाडतोस?”

शास्त्रीय नोंदीचे माहात्म्य मी त्यांना यथाशक्ति समजाविले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतले, चष्मा मागविला, पंच म्हणून त्या दिवसाच्या नोंदीखाली ठसठशीत सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वहस्ते लिहिले: ‘सोडण्यास हरकत आहे.’