खानदेशचा अनुशेष: फोनवरच्या साहेबांस खुले पत्र

रा. रा. फोनवरचे साहेब यांसी,


आपला मुक्काम नेमका कुठे असतो, हे आम्हाला कधी कळलं नाही. कोणी झारखंडातलं जामतारा सांगतं, कोणी थेट कंबोडिया. त्यामुळे २०२५ च्या सप्टेंबरात जळगावच्या ममुराबाद रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर छापा पडला आणि तिथे बनावट कॉल सेंटर चालत असल्याचं पोलिसांनी सांगितलं, तेव्हा आमचा ऊर भरून आला. जिल्ह्यात उद्योग येत नाहीत म्हणून आम्ही इतकी वर्षं ओरडतोय, आणि एक येऊन कामालाही लागला होता! पुढचं वाचलं आणि मन खट्टू झालं. फोन म्हणे परदेशी लोकांना लावले जात होते. म्हणजे वीज आमची, भरीत-पुरी आमची, आणि गंडवायचं मात्र साता समुद्रापलीकडच्यांना? सिंचनात अनुशेष, रस्त्यांत अनुशेष, आता फसवणुकीतही भूमिपुत्रांना डावलणार? (त्या प्रकरणात दोषी कोण, हे कोर्ट ठरवील. आमची तक्रार फक्त प्राधान्यक्रमाबद्दल आहे.)

तुमच्यातल्या कष्टाळू मंडळींबद्दल आम्हाला आदर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये उचलले गेले, त्यासाठी बँकेची यंत्रणा भेदावी लागली, बनावट कार्डं करावी लागली, २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं उभी करावी लागली. केवढी ती यातायात! आमच्या घरी यायला यातलं काहीच लागत नाही. आमच्याकडे पाहुण्याला दारात उभं ठेवायची पद्धत नाही.

घरातला कम्प्युटरच बघा. माणसं चार, खातं एक, आणि तेही ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे धाकट्याने गेम म्हणून काहीही उतरवलं तरी त्याला अख्ख्या घराची मोकळीक. विंडोज ओळखीच्या मुलाने टाकून दिलेली. ती खरी की क्रॅक केलेली, हे विचारणं आम्हाला बरं दिसत नाही. विंडोज १० ची मोफत डागडुजी कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. आम्हाला पत्ता नाही, कारण त्याआधीही अपडेटची खिडकी उघडली की आम्ही ‘नंतर’ दाबत होतो. वायफायच्या डब्याचा पासवर्ड कंपनीने दिला तोच आहे. बँकेचा पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलाय आणि ब्राउझरचा कोणीच नाही. रात्री पुढच्या दाराला कडी, कोयंडा आणि गोदरेजचं कुलूप लावून आम्ही निर्धास्त झोपतो.

तुम्ही फोन करून ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणता, तेव्हा अविश्वास दाखवणं आम्हाला उद्धटपणाचं वाटतं. एवढा साहेब माणूस वेळात वेळ काढून बोलतोय! तुम्ही एनीडेस्क नावाचं ॲप टाकायला सांगता, आम्ही टाकतो. पडद्यावरचा आकडा विचारता, आम्ही वाचून दाखवतो. त्यानंतर बाण आपोआप फिरू लागला की घरच्यांना बोलावून कौतुकाने दाखवतो. या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पण रिझर्व्ह बँक कधी स्वतः फोन करून तब्येत विचारत नाही. तुम्ही विचारता.

आखाजीच्या लग्नसराईतली तुमची पत्रिका तर लाजवाब. व्हॉट्सॲपवर येते, फाईलच्या नावाच्या शेपटाला ‘एपीके’ असतं. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. जी पत्रिका मोबाईलवर बसायला परवानगी मागते आणि वर तुमचे एसएमएस वाचू का विचारते, ती पत्रिका नसून ॲप असतं. ओटीपी आला की आमच्याआधी तुम्हाला कळतो. हे आम्हाला समजत नाही असं नाही. पण आमंत्रण आलंय आणि उघडलं नाही, हे उद्या भाऊबंदांत कळलं तर?

आधारच्या झेरॉक्सबद्दल काय बोलावं! लॉजला, गॅसला, क्लासला, आम्ही मागतील तिथे सहीनिशी देतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने ‘झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा’ अशी सूचना काढली. दोनच दिवसांत गैरसमज नको म्हणून सरकारने ती मागे घेतली. गैरसमज कुणाचा होणार होता, हा प्रश्न राहिलाच. मास्क्ड आधार आजही मोफत उतरवता येतं. काउंटरवर ते पुढे केलं की समोरचा असा बघतो, जणू चोर आम्हीच.

एका बाबतीत मात्र तुमच्यावर खरोखर अन्याय झालाय. दुसऱ्याची ओळख चोरून वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क मध्ये (इंग्रजीतल्या ‘सी’मध्ये) तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आमची माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद! चोरापेक्षा बेफिकीर राखणदार महाग. विचार केला तर हे तसं बरोबरच आहे, पण तुम्हाला ते अपमानास्पद वाटत असणार.

आता एक सावधगिरीची सूचना, जुन्या ओळखीपोटी. धुळ्याकडच्या घरांत फोन लावाल तेव्हा म्हातारीने उचलला तर ठेवून द्या. तुम्ही हिंदीत ‘बँक से बोल रहा हूँ’ म्हणाल. ती अहिराणीत विचारेल, ‘कोना पोऱ्या? गाव कोनतं तुनं?’ तुम्ही केवायसी म्हणाल, ती तुमच्या मामाचं आडनाव विचारेल. तुम्ही खातं बंद पडेल म्हणून धमकावाल, ती म्हणेल, मग मी उद्या शाखेत जाऊन बसते. अनोळखी माणसाला आधी तपासायचं आणि आपलं काहीच सांगायचं नाही, हे तिला कुठल्या कंपनीने शिकवलेलं नाही. तिच्या नातवाकडे संगणकाची पदवी आहे. तो मात्र ‘येस सर’ म्हणतो.

त्याच नातवाने परवा फ्रिजवर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर चिकटवला. पैसे गेल्याबरोबर तिथे कळवलं तर तुमच्या हाती पडण्याआधी ते वाटेतच अडवता येतात म्हणे. आम्ही अर्थातच आधी चार दिवस लाज वाटून घेऊ, मग मेहुण्याला विचारू, आणि मगच फोन करू. तेवढी सवड तुम्हाला आहे.

कळावे. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहीत नाही. आपल्याकडे असेलच.