पाणी किती फुटांवर?

एडमंटन, 18 जानेवारी

ती. अण्णा आणि सौ. आईस,


परवा फोनवर "झाला बाई एकदाचा दुरुस्त" एवढंच सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "झाला म्हणजे काय झाला? लिहून पाठव." चाळीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलेल्या माणसाला नुसतं "झाला" पुरत नाही, हे मी विसरलेच होते. गिऱ्हाईक मोटर घेऊन गेलं तरी जळकी कॉइल तुमच्या फळीवर असायची, कशानं जळली ते कळेपर्यंत. तेव्हा घ्या, सगळं सविस्तर.

आधी हवापाणी. आज उणे 31 आहे. इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. रात्री ती भिंतीच्या प्लगात खुपसायची आणि इंजिनाला ऊब द्यायची, नाहीतर सकाळी गाडी चालू होत नाही. शाल, टोपी, बूट, भट्टी, सगळा मुलूख गरम राहायच्या धडपडीत. आणि अशा गावात आमच्या घरी एक जण उष्माघातानं आडवा झाला. तुमच्या नातवाचा कॉम्प्युटर.

ऑक्टोबरात आम्ही कॅलगरीहून इकडे बिऱ्हाड हलवलं तेव्हा हा डबा गाडीच्या डिकीत आडवा टाकून आणला होता, एका बाजूला देव्हारा, दुसऱ्या बाजूला दोन्ही कुकर. तीनशे किलोमीटर. नव्या घरात चिरंजिवांनी टेबलाखाली त्याला छान कोपऱ्यात बसवला. हा कोपरा लक्षात ठेवा.

चिरंजीव सध्या माइनक्राफ्टमध्ये आयर्विन पूल बांधतायत. हो, आपला कृष्णेवरचाच, 1929 चा. खेळ म्हणजे ठोकळे रचायचे. पूल झाला, घाट झाला, मग त्याला कृष्णेला पूर आणायचा होता. पण पाणी सोडलं की कॉम्प्युटर गचके खायला लागायचा. पहिली आठ-दहा मिनिटं झकास आणि मग गचका, थोडं बरं, परत गचका. नुसता हळू चालला असता तर पोरानं सोसलं असतं. हे वेगळं होतं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं येतात, म्हणजे एकेका चित्राला जेमतेम 17 मिलिसेकंद. मधूनच एखादं चित्र दोनशे घ्यायचं. सरासरी काढली तर सगळं उत्तम. आपली पुण्याची एसटी कशी, वेळेवर पोचते, पण वाटेत तीनदा असा ब्रेक मारते की माणूस पुढच्या सीटवर नाक आपटतो. वेळापत्रकात नाक दिसत नाही.

तुमच्या जावयांनी प्रकरण हाती घेतलं. (आई, त्यांना हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.) सॉफ्टवेअरचा माणूस, त्यामुळे दोष सॉफ्टवेअरमध्येच असणार. आधी इंटरनेटवर संशय. आम्ही महिन्याला पंधरा डॉलर जास्त भरून मोठा प्लॅन घेतला. मग मी विचारलं की इंटरनेट काढून एकट्यानं खेळला तर गचके थांबतात का? थांबत नव्हते. पंधरा डॉलर चालूच आहेत. मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला, मग जुना टाकला. मग अख्खं विंडोज पुसून परत टाकलं, त्यात पूल वाहून जाता जाता राहिला. शेवटी निकाल आला: ग्राफिक्स कार्डच बदलायचं. आठशे डॉलर. तेवढ्यात तुमच्या दुकानात पाच एचपीच्या दोन नव्या मोटरी आल्या असत्या.

त्याच रविवारी तुमचा फोन आला. आमची रात्र, तुमची सकाळ, मध्ये साडेबारा तास. पोरगा रडकुंडीला येऊन सांगत होता आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "अरे, पण हात लावून बघितलंय का कुणी?" आमच्या घरात दोन डिग्र्या आणि एक सर्टिफिकेट आहे. हात कुणी लावला नव्हता.

मी लावला. डब्याचं वरचं जाळं कढत होतं, चहाच्या भांड्यासारखं.

मग मीच एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला, तो आतल्या प्रत्येक भागाचं तापमान आणि वेग दाखवतो. चिरंजिवांना म्हटलं, सोड पाणी. ग्राफिक्स कार्ड 66 अंशांवर शांत बसलेलं. आठशे डॉलरचा आरोपी सुटला. आणि प्रोसेसर? 84, 91, 97, आठव्या मिनिटाला 100. याची शंभर ही शेवटची रेघ, कारखान्यातून आखून दिलेली. तिथे पोचला की तो जळत नाही, आपणहून वेग कमी करतो. चार गिगाहर्ट्झच्या वर पळणारा एकदम दोनच्या खाली आला, आणि नेमका त्याच क्षणी पडद्यावर गचका! थोडा निवला की परत पळायचा, तापला की परत बसायचा. ऊन चढलं की ऊसतोडीचा गडी बांधावरच्या सावलीत टेकतो, घाम पुसून उठतो, पुन्हा टेकतो, तसंच. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्या मोटरीला एवढी अक्कल असती तर तुमचं दुकान चाललं नसतं, अण्णा.

चिरंजिवांना हे आकडे समजावताना माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हे बघ, आयर्विन पुलाला 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. तसं याला शंभर म्हणजे धोका." त्याला लख्ख कळलं. तेव्हापासून आमच्या घरात प्रोसेसरचं तापमान कुणी विचारत नाही. पाणी किती फुटांवर, एवढंच.

आता डबा उघडल्याचं. इथे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला तरी ठिणगी बसते, आणि तेवढी ठिणगी आतल्या नाजूक भागांना पुरते. म्हणून आधी वायर काढली, आणि मग चिरंजिवांना आईनं विणलेला स्वेटर काढायला लावला, तो चटचट आवाज करतो. (आई, स्वेटर सुंदरच आहे.) दोघांनी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून घेतला, देवळात शिरताना उंबऱ्याला लावतो तसा. जावई व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले होते. त्यानंही तसलीच वीज तयार होते, म्हणून त्यांना जिन्याची धूळ काढायला पाठवलं.

आत काय? प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक गठ्ठा असतो, त्यावर पंखा. तुमच्या मोटरीच्या अंगावर पन्हळी असतात ना, तेच काम. पंखा गरगर फिरत होता. पण पंखा आणि पाती यांच्या मध्ये धुळीचा असा थर जमला होता की सोलून काढला तर नमद्याचा तुकडा हातात आला. बुधगावच्या त्या काकांची मोटर आठवते? मागच्या जाळीत उसाचं पाचट अडकलं होतं आणि ते दर आठवड्याला व्होल्टेजला शिव्या देत यायचे. हुबेहूब. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, नाहीतर फुंकरीच्या जोरानं ते भलतंच भिरभिरतं, आणि हवेच्या डब्यानं व रंगाच्या कोरड्या ब्रशनं सगळं साफ केलं.

एवढ्यानं सहा अंश उतरले. 94. इशारा पातळी काही सुटेना. मी तो गठ्ठा सहज हलवून बघितला आणि तो हलला! प्लास्टिकच्या चार खिळ्यांवर तो बसवलेला असतो. त्यातला एक निसटून वर आला होता. देव्हारा आणि कुकर यांच्यामध्ये, कुठल्यातरी खड्ड्यात. म्हणजे तीन महिने तो गठ्ठा प्रोसेसरवर एका अंगानं कलून बसला होता, तुटक्या पायाच्या पाटासारखा.

गठ्ठा काढला, ओढून नाही, हलकेच पिळून. खाली जुनी पेस्ट. प्रोसेसर आणि गठ्ठा दोन्ही दिसायला आरशासारखे गुळगुळीत, पण खरं तर दोन्हींवर बारीक खाचखळगे असतात. त्यात हवा राहते, आणि हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. ती हुसकायला मध्ये हा राखाडी लेप लावतात. आमचा लेप वाळून मे महिन्यातल्या तळ्यासारखा भेगाळला होता. औषधाच्या दुकानातून 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, आणि पुसायला कॉफीचा गाळणकागद, त्याचे तंतू सुटत नाहीत. नव्या पेस्टची ट्यूब बारा डॉलरची. चिरंजीव टूथपेस्टसारखी पिळायला निघाले होते. मी म्हटलं, थांब, आजोबांना विचार, बेरिंगमध्ये ग्रीस दाबून भरलं तर काय होतं. बेरिंग उलट तापतं. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरे, बाकी दाबानं पसरतो. मग समोरासमोरचे खिळे तिरपे दाबले, टक, टक, टक, आणि तो चौथा नाठाळ, तोही टक. तो आवाज ऐकून मला दुकानात बसल्यासारखं वाटलं.

79. पोरगा नाचला. पण तासाभरात पुन्हा 88. आणि इथे मला तुमचा दुसरा प्रश्न आठवला, जो त्या दिवशी मी कानाआड टाकला होता: "पंखा फिरतोय खरा, पण वारा कुठनं घेतोय?"

इथल्या घरांत तळघरात गॅसची भट्टी असते आणि तिची गरम हवा नळ्यांतून प्रत्येक खोलीत येते. जमिनीला जाळी असते, तिच्यातून वर. टेबलाखाली गुडघे टेकून वाकले. चिरंजिवांचा तो छान कोपरा म्हणजे बरोबर त्या जाळीचं तोंड. भट्टी सुरू झाली की कढत हवा थेट डब्याच्या नाकात. पंखा काही थंडावा तयार करत नाही, आहे तोच वारा पुढे ढकलतो. बाहेर उणे 31, आणि आम्ही प्रोसेसरला विकतची लू पाजत होतो! कॅलगरीच्या घरात हा डबा टेबलावर असायचा, म्हणून तिथे काही कळलं नाही.

डबा टेबलावर ठेवला. पंख्याची सेटिंगही बदलली: 70 अंशांवर गेलं की वेग वाढवायचा. चिरंजीव त्याला कोयनेचा विसर्ग म्हणतात. काल तीन तास पूर सोडून ठेवला होता. पाणी 73 फुटांवर स्थिर, एकही गचका नाही. जावयांनी मोठ्या मनानं मान्य केलं की हा हार्डवेअरचा प्रश्न होता. त्यांच्या लेखी ही क्लीन चिट आहे.

एकच झालं. डब्यावर उपाय करताना मी उत्साहात ती जाळीही बंद केली होती, त्यामुळे आता कॉम्प्युटर खूश आणि पोरगा कुडकुडतोय. सकाळी बघते तर आईची गोधडी गुंडाळून, फक्त बोटं बाहेर काढून खेळत होता. विचारलं, जाळी उघडू का? म्हणाला, नको, पाणी वाढेल.

जळकी पेस्ट पुसलेला कागद मी टाकला नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, हळदीच्या डब्याशेजारी.

तुमची,
बेबी

ता. क. अण्णा, पुलाच्या कमानी नेमक्या किती आणि पुराची पट्टी कुठल्या बाजूला आहे, हे नातवाला हवंय. फोटोंत झाडं आड येतात. एकदा घाटावर जाऊन मोजून कळवा. सकाळी लवकर जा, आणि टोपी घाला.