बारशाआधीचं पत्र

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आई,

अप्पा बळवंत चौकातून घेऊन पाठवलेलं बाळाच्या नावांचं पुस्तक मिळालं. 'पांडुरंग'भोवती लाल पेनाने काढलेला गोलही दिसला. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही आणि आई एकदमच बोलता, म्हणून लिहून कळवतो.

तुमचं म्हणणं असं, की तिथले गोरे बघा, बायबलातली नावं कशी धरून आहेत; मग आपणच देवाची नावं का सोडायची? बाबा, या गोऱ्यांचं काही खरं नाही. इथलं सोशल सिक्युरिटी खातं बाळांच्या नावांची क्रमवारी दरवर्षी जाहीर करतं, थेट १८८० पासूनची. त्यात मेरी १९४६ पर्यंत सलग पहिली. आज ती पहिल्या शंभरातही नाही. देवळातली मेरी जागच्या जागी आहे, पाळण्यातली गेली. हसू नका. आपल्या बुधवारात दगडूशेठसमोर एवढी रांग लागते, त्यातल्या किती जणांनी नातवाचं नाव दगडू ठेवलं?

मुलांचं वेगळंच. जॉन १९२३ पर्यंत पहिला. पुढे मायकेलने १९५४ ते १९९८ गादी सोडली नाही, फक्त १९६० साल डेव्हिडने पळवलं. मग जेकब, मग २०१३ पासून चार वर्षं नोआ. २०१७ पासून लियम पहिला आहे, तो काही बायबलातला नाही. पण आमच्या पाळणाघरात डोकावलात तर ख्रिस्तपूर्व काळच भरलेला दिसेल: एझ्रा, लीवाय, एशर, ईलायजा आणि नोआ दोन! वाटेल, काय ही भक्ती! तर गॅलपच्या पाहणीत २०२० साली चर्चचे सभासद असलेले अमेरिकन पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४७ टक्क्यांवर आले. एझ्राच्या आईला विचारलं, हा एझ्रा कोण होता? म्हणाली, ठाऊक नाही, पण कानाला गोड लागतं.

एके काळी इथे भक्ती होती, आणि ती पोरांना भोवायची. १६२०च्या मेफ्लॉवर जहाजातून ब्रूस्टर नावाचे गृहस्थ आले, त्यांच्या दोन मुलांची नावं लव्ह आणि रेसलिंग. पहिल्याला आपल्याकडे प्रेम म्हणून खपवता येईल. दुसऱ्याला तालमीतच घालावं लागेल.

अर्थात, बायबलातली नावं बघायला एवढ्या लांब यायचं कारण नव्हतं. रास्ता पेठेत बेने इस्रायल मंडळींचं सिनेगॉग आहेच की. शेकडो वर्षं कोकणात राहून त्यांनी सॅम्युअलचा सामाजी केला. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढच्या पिढ्यांत सामाजी मागे पडला आणि पुन्हा सॅम्युअल आला, आडनाव मात्र दिवेकरच. मला ही जोडी फार आवडते.

मला जे दिसतं ते असं: आजोबांच्या नावाला बामचा वास येतो, पणजोबांचं नाव फॅशन होतं. नाव धारण करणारी पिढी डोळ्यांआड झाली की ते पुन्हा कोरं होतं. आमच्या बाळाला पांडुरंग हे पणजोबाच. पासोड्या विठोबासमोर ठरलेलं ते नाव या हिशेबाने चालायला हरकत नाही. हे मी तुमच्या सुनेसमोर अजून बोललेलो नाही.

तिची यादी वेगळी आहे: वेद, श्लोक, अथर्व. म्हणजे ग्रंथातली माणसं नकोत, ग्रंथच पाळण्यात हवा! इथे इतकी धार्मिक माणसं होऊन गेली, पण बायबल नावाचा मुलगा मला अजून भेटलेला नाही. ती म्हणते, पांडुरंगचं शाळेत तिसऱ्या दिवशी 'पँडी' होईल. आईचं म्हणणं मला पटतं, की हाक मारता मारता नामस्मरण घडतं. अजामिळाने मुलाला 'नारायण' म्हणून बोलावलं आणि तो तरला. पण 'पँडी' म्हटल्यावर वैकुंठातून कोण निघणार?

शेवटी तह झाला आहे. पाळण्यातलं नाव तुम्ही ठरवायचं, शाळेतलं ती ठरवणार. बारसं शनिवारी आमच्या सकाळी नऊला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेसहाला. आत्याबाईंना कुर्रर्र करायला वेळेवर फोनसमोर बसवा. आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे चांदीची वाटी नाव कोरायला टाकली असेल, तर कृपा करून तूर्त थांबवा.

तुमचा,
चिरंजीव