हजेरीपटावरचे कानसेन

जॅझच्या शौकिनांत मुळात दोनच पंथ आहेत. ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांचा एक आणि ‘माझ्याकडे ती रेकॉर्ड आहे’ म्हणणाऱ्यांचा दुसरा. मी दुसऱ्या पंथातला. पहिल्या पंथातला माणूस डोळे मिटून एखादी रात्र सांगायला लागला, की आमच्या पंथातला माणूस अत्यंत नम्रपणे विचारतो, ‘तारीख कुठली म्हणालात? कारण प्रसिद्ध झालेल्या टेकमध्ये तो सोलो फारच आखूड आहे.’ या प्रश्नाचा संगीताशी काही संबंध नसतो. विद्वत्तेशीही नसतो, कारण ती माहिती रेकॉर्डच्या वेष्टणामागे छापलेलीच असते. त्यात असतो तो समोरच्याला गप्प बसवण्याचा आनंद, आणि खरं सांगायचं तर हा आनंद माझ्यासारख्याला चार्ली पार्करपेक्षा काकणभर जास्तच प्रिय आहे. तरीही पंथाच्या हिताविरुद्ध जाऊन एक गोष्ट मांडावीशी वाटते. खोटेपणाच मोजायचा झाला, तर ऐकणाऱ्याची आठवण रेकॉर्डपेक्षा कमी खोटी असते. आठवण थापा मारते तेव्हा थापा कोण मारतंय ते निदान समोर दिसतं. रेकॉर्ड थापा मारते ती कंपनीचा शिक्का लावून.

पुरावा म्हणून आमच्या पंथाच्या पोथ्याच उघडू. टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये 15 मे 1953 रोजी पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी एकत्र वाजवलं. ही मैफल पुढे ‘जगातली सर्वश्रेष्ठ जॅझ मैफल’ अशा नावानेही विकली गेली. रेकॉर्डवर पार्करचं नाव चार्ली चॅन असं होतं, कारण तो करारानं दुसऱ्या कंपनीला बांधलेला. त्याच्या हातातला सॅक्सोफोन प्लास्टिकचा होता. आणि बेस नीट ऐकू येत नाही म्हणून मिंगसनं तो नंतर स्टुडिओत स्वतःच पुन्हा भरला. म्हणजे ‘प्रत्यक्ष मैफल’ म्हणून आम्ही जी पुजतो, तिच्यातला एक वादक त्या रात्रीचा नाहीच. बरं, सभागृह तरी भरलेलं होतं का? तेही नाही. त्याच रात्री शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी ज्यो वॉलकॉट यांची विश्वविजेतेपदाची मुष्टियुद्धाची लढत होती आणि लोकांचा जीव तिच्यात अडकला होता. ती लढत पहिल्याच फेरीत, 2 मिनिटं 25 सेकंदांत आटोपली. सर्वश्रेष्ठ मैफलीवर पाणी सोडून लोकांनी काय मिळवलं याचा विचार केला, की रसिकतेबद्दल फार बोलू नये असं वाटतं.

कॅननबॉल ॲडर्लीची ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ घ्या. वेष्टणावर ‘लाइव्ह ॲट द क्लब’ आणि शिकागोच्या एका क्लबची भलावण. प्रत्यक्षात हे वाजवणं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झालं. आमंत्रित मंडळी बसवली होती आणि दारू मोफत होती. दाद अस्सल आहे, फक्त पत्ता चुकीचा. (मोफत दारूवर मिळालेली दाद अस्सल धरावी का, हा प्रश्न आपल्याकडच्या काही संगीत समारोहांच्या आयोजकांवर सोपवतो.)

आमच्या पंथाचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. या जुन्या भानगडी आता दुरुस्त झाल्या, नव्या आवृत्त्या शुद्ध निघतात, तेव्हा अंतिम सत्य रेकॉर्डकडेच. हे बोलणं ‘काइंड ऑफ ब्लू’समोर टिकत नाही. माइल्स डेव्हिसची ही 1959ची रेकॉर्ड आमच्या पंथाची गीता आहे. तिच्या पहिल्या सत्राच्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं यंत्र हळू चाललं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना योग्य वेगानं वाजवल्या की किंचित चढ्या स्वरात ऐकू येत. हे 1992च्या आवृत्तीत सुधारलं. मधली तीस-बत्तीस वर्षं जगभरच्या जाणकारांनी त्या चढ्या स्वरावर ग्रंथ लिहिले, माना डोलावल्या, नवशिक्यांना ‘तुमचा कान अजून तयार नाही’ म्हणून सुनावलं. त्या काळात एखादा म्हातारा उठून म्हणाला असता की माइल्स इतका वर वाजवत नसे, तर आम्ही त्याला पुराव्यानिशी वेड्यात काढलं असतं. पुरावा आमच्याच बाजूचा होता ना.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आठवण पिकत जाते. दर वर्षी सोलो लांबतो आणि श्रोत्यांची संख्या वाढते. मान्य. 1978च्या पहिल्या जॅझ यात्रेत सॉनी रोलिन्सला ऐकल्याचं सांगणारे सगळे खरोखर हजर असते, तर धोबीतलावच्या रंगभवनाच्या भिंती पाडून श्रोते आझाद मैदानापर्यंत बसवावे लागले असते. पण या फुगलेल्या हजेरीपटातून एक गोष्ट नक्की कळते, की ती रात्र अशी होती जिथं आपण असायला हवं होतं असं माणसांना आजही वाटतं. असली नोंद कुठलाही मायक्रोफोन घेत नाही. शिवाय साक्षीदार इतके वाईट म्हणून बाद केले, तर बडी बोल्डनचं काय करायचं? न्यू ऑर्लिन्सचा हा कॉर्नेटवादक 1907 साली वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि 1931 साली तिथंच वारला. जॅझची पहिली रेकॉर्ड निघाली 1917 साली. त्याचा एक स्वरही आपल्यापाशी नाही. आहेत त्या केवळ ऐकणाऱ्यांच्या बढाया, आणि तो मैलभर ऐकू येई यावर त्या सगळ्यांचं एकमत आहे. मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. भास्करबुवा बखल्यांचं गाणं आपण ज्या आदरानं मानतो, तो आदर कुठल्या तबकडीवरून आलेला नाही. तो शिष्यांच्या आणि श्रोत्यांच्या शब्दावर आलेला आहे, आणि त्या शब्दावर शंका घ्यायची हिंमत पुण्यात कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

इथं एका गोन्साल्विसबद्दल सांगायलाच हवं. मुद्दा थांबेल, आपण त्याला थांबवू. 7 जुलै 1956च्या रात्री न्यूपोर्टला ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोन घेऊन पुढे आला आणि ब्लूजची एकामागून एक 27 आवर्तनं वाजवून मोकळा झाला. प्रेक्षक खुर्च्यांवर चढले. मात्र तो वाजवत होता व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या मायक्रोफोनसमोर. रेकॉर्ड कंपनीचा मायक्रोफोन भलतीकडेच होता. म्हणून एलिंग्टनच्या सर्वाधिक खपलेल्या त्या रेकॉर्डवर हा सोलो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो, आणि तिचे काही भाग तर नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या आहेत. दुसरी टेप सापडून खरी मैफल बाहेर यायला 1999 उजाडलं. गोन्साल्विस म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाचे कान टवकारतात. पण हा गोव्याचा नव्हे. त्याचे आईवडील केप व्हर्देचे. पोर्तुगीजांनी दोन समुद्रांकाठी आडनावं वाटली आणि दोन्हीकडे वाद्यं वाजू लागली. आपला गोन्साल्विस म्हणजे माजोर्ड्याचा अँथनी, व्हायोलिनवादक आणि अरेंजर. शिष्य प्यारेलालनं त्याचं नाव 1977 साली एका गाण्यात घातलं आणि ते देशभर झालं. गाणं ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना आजही ते पात्राचं नाव वाटतं.

आणि अँथनी तर नशीबवान. आल्दोन्याचा अँटोनियो झेवियर वाझ घ्या. हॉटेलांच्या नाचघरांतून तो ‘चिक चॉकलेट’ या नावानं ट्रम्पेट वाजवायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांसोबत त्यानं काम केलं. 1951च्या ‘अलबेला’त तो आहे, आणि भगवानदादांच्या त्या नाचाची नक्कल करत महाराष्ट्रातल्या लग्नांत, गणपतीच्या मिरवणुकांत ज्या पिढ्या नाचल्या, त्या जॅझच्या तालावर नाचल्या. जॅझ म्हणजे आमच्यासारख्या मूठभरांचं, मंद दिव्याखाली ऐकायचं प्रकरण, असा जो आमचा समज आहे त्याची वाट दादांच्या त्या हलत्या खांद्यांनी केव्हाच लावून टाकली आहे. गोव्याचे असे कितीतरी वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत नोटेशन वाचत आणि रात्री हॉटेलांत स्वतःचं वाजवत. दिवसा वाजवलेलं सगळं रेकॉर्डवर आहे, पण लेबलवर गायक आहे, संगीतकार आहे, चित्रपटाचं नाव आहे. ट्रम्पेट कुणाचा ते नाही. रात्री वाजवलेल्यातलं फारच थोडं तबकडीवर आलं. माझा राग इथं आहे. वर सांगितलेल्या टाळ्या आणि चुकीचे पत्ते यांच्याकडे मी हसून बघू शकतो, पण ज्याचा श्वास अख्ख्या गाण्यात भरून राहिला आहे त्या माणसाचं नाव गाळणं याच्याइतकी मोठी थाप आठवण कधीच मारत नाही. त्या वादकांची नावं राहिली ती त्यांच्या सोबत्यांच्या आणि त्या नाचघरांत नाचलेल्या लोकांच्या बोलण्यात, ‘ती फ्रेज ना, ती चिकची’ अशा बढाईखोर वाक्यांत. अशा वाक्याला तारीख विचारणारा माणूस इतिहासाची सेवा करत नाही. तो तेवढ्यापुरता फक्त मी असतो.

मग रेकॉर्डी विकून टाकाव्यात का, हा तिसरा आक्षेप. अजिबात नाही, माणसाला अहंकारासाठी काहीतरी कपाटात लागतंच. शिवाय रेकॉर्ड कधीकधी थापाड्यांच्याही बाजूनं साक्ष देते. 1957च्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉटमध्ये थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन काही महिने रोज रात्री एकत्र वाजवत. ते ऐकलेले लोक पुढची अनेक दशकं आमचं डोकं खात राहिले, आणि आम्ही हातातली दोन-चार स्टुडिओतली ध्वनिमुद्रणं दाखवून म्हणत राहिलो की छान आहे, पण इतकंही नाही. 2005 साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एक टेप सापडली, पुन्हा व्हॉइस ऑफ अमेरिकाचीच: 1957च्या 29 नोव्हेंबरला कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीची. ऐकली, आणि कळलं की थापाडे कमीच सांगत होते. आमच्या पंथानं यावर तातडीनं दोन गोष्टी केल्या. पहिली, ती रेकॉर्ड विकत घेतली. दुसरी, ही कार्नेगीची आहे, फाइव्ह स्पॉटची नव्हे, तेव्हा मूळ दावा काटेकोरपणे पाहता अजून सिद्ध झालेला नाही, असं निदर्शनाला आणून दिलं.