पार्टी : अर्थ, लिंग आणि बिल

‘पार्टी’ हे इंग्रजीतून आलेले मराठी स्त्रीलिंगी नाम असून त्याचे अनेकवचन ‘पार्ट्या’ असे होते. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात ते राजकीय पक्ष, गिऱ्हाईक आणि मौजमजा अशा तीन अर्थांनी चालते. तिन्ही अर्थांत गाडी शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबते : पैसे कोण देणार?

गिरणगावात राजकीय अर्थाची चलती होती. 1928 साली गिरणी कामगार युनियन निघाली, तिला लोक ‘लाल बावटा’ म्हणत. त्या काळी परळमध्ये ‘पार्टीचा माणूस’ म्हणजे कम्युनिस्ट, म्हणजेच मौजमजेशी दूरान्वयानेही संबंध नसलेला इसम. 1966 साली स्थापन झालेल्या शिवसेनेने नावात पार्टी घेतलीच नाही, सेना घेतली. मात्र 2022 मध्ये सेनेचे आमदार गुवाहाटीला गेले आणि तिथल्या झाडीचे, डोंगराचे व हॉटेलाचे वर्णन महाराष्ट्रभर गाजले, तेव्हा हॉटेलचे बिल भरणारी पार्टी कोणती, अशी विचारणा झालीच. तिन्ही अर्थ एका छपराखाली नांदल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

गिऱ्हाईक हा अर्थ दलालांचा. गिरगावात खोली दाखवणारा एजंट ‘पार्टी चांगली आहे’ म्हणतो, ते चारित्र्याबद्दल नसते. चेक वटतो, एवढेच त्याला सांगायचे असते. दादरच्या मंगल कार्यालयात वधूपक्षाची ‘मुलीकडची पार्टी’ होते. केटररच्या लेखी ॲडव्हान्स देणारा तेवढा पार्टी; बाकीचे, नवरदेवासकट, ‘पानं’.

मौजमजेच्या अर्थी मात्र क्रियापद महत्त्वाचे. पार्टी ‘करणे’ हा प्रकार नंतरचा; मूळ प्रयोग ‘देणे’ आणि ‘मागणे’ हे. नोकरी लागली, बढती मिळाली, नवा मोबाइल घेतला, की ज्याला आनंद झाला त्यालाच दंड भरावा लागतो. पूर्वी हा दंड पेढ्यांवर भागे. पार्टीचे ‘ओली’ आणि ‘सुकी’ असे दोन पोटभेद आहेत. पैकी सुकी ही मुख्यतः घरी सांगण्यासाठी असते. ओलीचे क्रियापद ‘बसणे’. ‘बसायचं का?’ असे विचारल्यावर कुठल्या खुर्चीवर, असे कोणी विचारत नाही. आषाढ अमावास्येला पंचांगात दीपपूजन असते. चाळीच्या गच्चीवर त्याच तिथीला गटारी म्हणतात. जमिनीवर जुने वर्तमानपत्र, त्यावर फरसाण आणि खारे शेंगदाणे, प्लास्टिकचे ग्लास, आणि कोपऱ्यात एक न पिणारा. हा गृहस्थ कॉन्ट्री सर्वांइतकीच भरतो, वसुली चकण्यातून करतो आणि शेवटी सगळ्यांना जिन्यावरून खाली उतरवतो. सार्वजनिक मंडळांत पार्टी हा शब्द निषिद्ध आहे. तिथे विसर्जनानंतर फळ्यावर ‘श्रमपरिहार’ लिहिले जाते. श्रम न केलेलेही परिहाराला वेळेवर येतात.

कायद्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा रद्द झालेला नाही. नावातल्या मुंबईचे महाराष्ट्र झाले, एवढेच. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो आणि आजन्मही. परवान्यावर कारण छापलेले असते : आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे सरकारदरबारी थर्टीफर्स्टची पार्टी हा औषधोपचार ठरतो. परमिट रूममध्ये डोस नव्वद मिलीने मागतात, त्यालाही यामुळे शास्त्राधार मिळतो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलेला नाही. गिरण्या मात्र गेल्या आणि त्यांच्या आवारांत मॉल, ऑफिसे व पब आले. पत्त्यात अजून ‘मिल’ असते, त्यामुळे आजोबा आणि नातू दोघेही रात्री मिलमध्ये जातात. आजोबांना त्याचे पैसे मिळत, नातू आत शिरायचेच पैसे भरतो. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून 14 जण गेले. त्यानंतर काही दिवस पालिकेचा हातोडा सगळीकडे फिरला आणि अनधिकृत बांधकामे तिला एकाएकी दिसू लागली.

अलीकडे ‘टीटीएमएम’, अर्थात तुझं तू माझं मी, हा प्रकार रूढ होत आहे. देणारा कोणीच नसल्याने त्याला पार्टी म्हणावे की नाही, याबद्दल जुन्या पिढीत एकमत नाही. सर्वाधिक आढळणारे रूप मात्र ‘पार्टी पेंडिंग आहे’ हेच. हे देणे कधी मुदतबाह्य होत नाही. दहावीच्या निकालाची पार्टी निवृत्तीच्या समारंभात मागितली जाते, आणि देणारा तेव्हाही ‘पुढच्या महिन्यात नक्की’ असेच म्हणतो.