मुळातराव

मुळातरावांना तुम्ही ओळखता. तुमच्या गल्लीत त्यांचं नाव वेगळं असेल, एवढंच. वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरेना म्हणून तुम्ही कंपनीचा नंबर शोधत असता, तोवर हे दारात उभे असतात. हातात पक्कड, पायात झिजलेली स्लीपर आणि तोंडात तो एकच शब्द : "मुळात..."

औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाण्यातल्या मुळातरावांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. गल्लीतल्या एका वहिनींचं मशीन नुसतं घूंऽऽ करत होतं, थेंबभर पाणी घेत नव्हतं. मुळातराव आले. मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुळात पाणी कुठून यायलंय, वहिनी?"

"नळातून."

"आन् नळात?"

"टाकीतून."

"आन् टाकीत?"

वहिनी थकून खुर्चीवर बसल्या. मग मुळातरावांनी मशीनच्या झाकणावर सांडलेली पावडर तळहाताने सारखी केली आणि बोटाने नकाशा काढायला घेतला. हा नाथसागर, जायकवाडी. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण. भरला की शंभर टीएमसीच्या वर पाणी. हा पंप. हे ढोरकीन, इथं पाण्याला पुन्हा ढकलायचं. हे फारोळा, इथं शुद्ध करायचं. ही नक्षत्रवाडीची टेकडी, इथून शहरात सोडायचं. एक लाइन 700 मिलिमीटरची, दुसरी 1400 ची...

फारोळ्यात पाणी शुद्ध होत होतं, तेवढ्यात वहिनींचा तिसरीतला मुलगा मशीनच्या मागे गेला आणि बंद असलेला नळ सोडून आला. मशीन खळखळ भरायला लागलं. मुळातराव मात्र नक्षत्रवाडी पूर्ण करूनच उठले.

या माणसाचा राग न येणं अवघड आहे. त्यांना आजार सांगायला जावं तर ते आधी आजोबांची चौकशी करतात. मशीनच्या पडद्यावर 'आयई' अशी अक्षरं आली म्हणून एकाने बोलावलं. काही मशीनमध्ये याचा अर्थ 'पाणी आत येत नाही' इतका साधा असतो. मुळातरावांनी चष्मा सावरून ती वाचली आणि म्हणाले, "बघा, आई म्हणायलंय. लेकरू तहानलंय." घरातले हसले. हसायला नको होतं. कारण मग "मुळात" सुरू झालं आणि जायकवाडीचे दरवाजे उघडले.

तिसऱ्या मजल्यावर नवा भाडेकरू आला, एमआयडीसीतल्या कंपनीत इंजिनिअर. त्याने कंपनीच्या माणसाला बोलावलं, इनलेट व्हॉल्व्ह बदलून घेतला, पैसे मोजले. मशीन पुन्हा घूंऽऽ. मुळातरावांनी वर गच्चीकडे बोट केलं. टाकी स्लॅबवरच ठेवलेली, मशीनच्या डोक्यावर जेमतेम दीड मीटर. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान 0.3 बार दाब हवा असं छापलेलं असतं, म्हणजे टाकी तीन मीटर तरी वर पाहिजे. व्हॉल्व्हमधला रबरी पडदा उघडायला मागून पाण्याचा रेटा लागतो. वीज नुसती परवानगी देते. "मुळात," मुळातराव इंजिनिअरला म्हणाले, "तुमचा व्हॉल्व्ह चांगला होता." हे वाक्य त्यांनी पैसे मोजून झाल्यावर ऐकवलं, हा त्यांचा स्वभाव.

इंजिनिअरने टाकीखाली लोखंडी स्टँड करून घेतला. तरीही पाणी नीट भरेना. या वेळी दोष सांडपाण्याच्या पाइपात निघाला. तो खाली जमिनीवर पडलेला, त्यामुळे मशीन एकीकडून भरत होतं आणि दुसरीकडून गुपचूप रिकामं होत होतं. पाइप उचलून वर अडकवला की काम संपलं. पण मुळातरावांचं संपलं नव्हतं. पाइपावरून ते पाणचक्कीवर गेले : डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून शहरात आणलं, भिंतीवर चढवलं आणि उंचावरून हौदात सोडलं, विजेशिवाय. तिथून आणखी मागे मलिक अंबर. त्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरासाठी नहर बांधली. "तवा नळाला पाणी होतं आन् मशीन नव्हतं. आता मशीन हाय."

हे मात्र त्यांनी खरं सांगितलं. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आल्याची बातमी होत नाही, त्या शहरात मशीन फुल्ली ऑटोमॅटिक असून करणार काय? 2020 च्या डिसेंबरमध्ये 1680 कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं, पुढे खर्चाचा आकडा फुगत गेला. पाइपांचा व्यास 2500 मिलिमीटर. आत माणूस उभा राहतो. मुळातराव एकदा पैठण रोडला जाऊन खरंच उभे राहून आले होते.

पैठण रोडशी त्यांचं नातं पाण्याआधीचं. व्हिडिओकॉनच्या टीव्हीच्या, मशीनच्या पाठीवर पत्ता असायचा : 14 के. एम. स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव. ज्या रस्त्याने शहराला पाणी येतं, त्याच रस्त्यावरून देशभर मशिनं जायची. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये मुळातराव बावीस वर्षं या मशिनांचे पाण्याचे पाइप तपासत होते. पाइप टबात बुडवायचा, हवा भरायची, बुडबुडा आला की बाजूला टाकायचा. बुडबुडा दिसला की आधी साचा बघायचा, मग रबर, मग रबर आलं ते पोतं. मुळापासून. 2018 मध्ये व्हिडिओकॉनची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याच्या आधीच शेडच्या ऑर्डरी आटल्या होत्या. शेडला कुलूप लागलं, त्या दिवशी मुळातरावांनी काय तपासलं, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. टँकर चुकला की त्यांच्या टाकीत पाणी नसतं. तिथे मुळातराव नकाशा काढत नाहीत. शेजारच्या हौदातून बादल्या आणतात आणि झाकण उघडून थेट टबात ओततात. पातळी भरली की मशीनला कळतं आणि ते आपोआप फिरायला लागतं. नऊ बादल्या लागतात. सगळा वेळ तोंडातून एकही "मुळात" नाही.

तुमच्या मशीनमध्ये पाणी भरत नसेल तर आधी मागचा नळ सोडलाय का बघा. मग नळ बंद करून इनलेट पाइप काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडातली बोटाच्या पेराएवढी जाळी पकडीने अलगद ओढा. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरा थर असेल. लिंबाच्या रसात ठेवून जुन्या ब्रशने घासा. एवढं करूनही घूंऽऽ थांबलं नाही तर मुळातरावांना बोलवा. चहा मात्र ते नक्षत्रवाडीला पोचल्यावरच टाका. आधी टाकला तर फारोळ्यालाच गार होतो.